आधी भांडून घ्या

बांधकाम खात्याच्या भालकी सबडिव्हिजनमध्ये ज्युनिअर इंजिनिअर म्हणून मी रुजू व्हायला गेलो, तेव्हा ऑफिसात हेडक्लार्कशिवाय चिटपाखरू नव्हतं. राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि दारावरची पाटी अजून जुनीच होती. साहेब कुठे आहेत, असं मी विचारलं. हेडक्लार्क कानावरची पेन्सिल काढून फायलीत खूण म्हणून ठेवत म्हणाला, "साहेब भांडायला गेलेत."

मला वाटलं, नवा माणूस बघून थट्टा चालली आहे. पण त्याचा चेहरा तर महसूल खात्यासारखा कोरडा. "म्हंजे स्वतः भांडत न्हाईत," त्यानं खुलासा केला, "दुसऱ्याला भांडायला बसवतेत. तुमी बी जावा की, बिरादार. शिकायला मिळंल."

साहेबांची बैठक कुठल्या गावाला आहे ते विचारून घेतलं आणि सायकल काढून मी तिथे गेलो. गावाच्या तोंडाशी लिंबाखाली पंधरावीस माणसं जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती. मराठी, कानडी, दख्खनी उर्दू, जी तोंडाला येईल ती भाषा. ठेकेदार पंचायतीच्या चेअरमनवर ओरडत होता, चेअरमन एका शेतकऱ्यावर, आणि शेतकरी बहुतेक सगळ्या सरकारावर. मधोमध पालथ्या घमेल्यावर एक उंच, काळासावळा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला माणूस बसला होता. मांडीवरच्या रुमालात भुईमुगाच्या शेंगा. एकेक फोडून तोंडात टाकत तो हा गोंधळ इतक्या समाधानानं ऐकत होता, की मला वाटलं हा कोणाचा तरी पाहुणा असावा. आवाज जरा खाली आला तसा तो म्हणाला, "आनखी कोन राहिलंय? भांडून घ्या बगा. आत्ता भांडन फुकटात हाय. काम सुरू झालं की त्याला वकील लागतो."

हे मारुती सूर्यवंशी, माझे साहेब. सबडिव्हिजनचे मुख्य.

रस्त्याचं ते काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. वळणावरची जमीन नक्की कोणाची, मुरूम कोणत्या टेकाडाचा घ्यायचा, बैलगाड्या तोवर कुठून जाणार, विहिरीजवळ सुरुंग लावायचा की नाही, हे सगळं त्या लिंबाखाली निघालं. मी कॉलेजात चार वर्षं पूल, रस्ते, धरणं शिकलो होतो, पण काम सुरू होण्याआधी विहिरीच्या मालकाला विचारायचं असतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. भांडणं मिटली तशी साहेबांनी ठरलेलं सगळं कागदावर घेतलं, वाचून दाखवलं, सह्या-अंगठे घेतले, आणि मगच चेअरमनला नारळ फोडायची परवानगी दिली. साहेब स्वतः नारळ फोडत नसत. "नारळ तुमचा, भांडन माझं," असं म्हणून बाजूला उभे राहत.

मंठाळच्या बौद्ध वस्तीतले ते. धर्मांतर झालं तेव्हा ते शाळकरी होते. घरातले देव गेले, पण दाखल्यावरचा मारुती तसाच राहिला. "नाव हनुमंताचं, घर बुद्धाचं आन् चाकरी सरकारची," असं स्वतःच सांगायचे आणि समोरचा हसावं की नाही या विचारात पडला की त्याच्याकडे मजेनं बघायचे. हैदराबादेत शिकून इंजिनिअर झालेला वस्तीतला पहिला मुलगा. वस्तीतलं कोणी भालकीच्या बाजाराला आलं, की ऑफिसाच्या दाराशी येऊन एक नजर त्यांच्याकडे टाकून जायचं. काम काहीच नसे. नुसतं बघून जायचं.

लिंबाखालच्या या बैठकीचा दुसरा भाग मला पुढच्या कामाला बघायला मिळाला. करारनामा इंग्रजीत. ठेकेदार इंग्रजीत फक्त सही करणारे. वर्षानुवर्षं ते सही करून मोकळे होत, आणि पुढे वाद झाला की "आमाला कुटं म्हाईत होतं" म्हणून कपाळाला हात लावत. साहेबांनी त्यावर उपाय काढला होता. करारातलं एकेक कलम ते मोठ्यानं वाचायचे, मराठीत सांगायचे, मग दख्खनीत, कोणी मान हलवली नाही तर कानडीत. ऐकायला ठेकेदार, त्याचा मिस्त्री, गावातले रिकामे म्हातारे, सगळे. गावात त्याला 'टेंडराचं पारायण' म्हणत. एका म्हातारीनं तर जाताना करारनाम्याला हात जोडले होते. साहेब म्हणाले, "आमच्या घरची पोथी सुटली, आता ही धरलीय."

वाचताना एका शब्दापाशी त्यांचा आवाज चढायचा, तो म्हणजे 'इत्यादी'. 'खोदकाम, भराव इत्यादी सर्व कामे ठेकेदाराने करावीत' असं काही आलं, की ते थांबायचे. "हे इत्यादी बगितलात का? ह्याच्या पोटात हत्ती बसतो. आज दिसत न्हाई. काम संपताना बाहेर येतो, आन् मग म्हनतेत हत्ती कुनाचा?" मग त्या इत्यादीत काय काय येतं ते एकेक करून काढायला लावायचे. वरच्या ऑफिसातून आलेल्या मसुद्यातला हा शब्द खोडून परत पाठवल्याबद्दल त्यांना समज मिळाली होती, असं हेडक्लार्क सांगे.

घरीही तेच. कोणी "चहा-बिहा घेणार का?" म्हटलं, की, "चहा घेतो. बिहा काय आसतंय ते आधी सांगा." त्यांच्या घरी जेवायला गेलेल्या माणसानं 'थोडंसंच वाढा' म्हणायची सोय नव्हती. थोडंसं म्हणजे अर्धी भाकर की पाव?

त्यांची दुसरी लकब 'आन् मग?' तुम्ही काहीही सांगा, शेवटी ते विचारणार, आन् मग? सोमवारी सिमेंट येतं, साहेब. आन् मग? मंगळवारी पाया भरतो. आन् मग? पावसाळा लागला तर थांबतो. आन् मग? इथे सांगणारा अडायचा, आणि तो अडला तिथेच पुढचा झगडा दडलेला असायचा. त्या प्रश्नात खोच नसे. लहान मूल गोष्ट ऐकताना विचारतं, तसं खरोखर जाणून घ्यायचं म्हणून ते विचारायचे. मला आधी त्याचा वैताग आला आणि मग सवय लागली. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांना मी आन् मग विचारून बसलो, तेव्हा माझे वडील माझ्याकडे बघतच राहिले.

या माणसाला हे सगळं सुचलं कुठून, याची मला भारी उत्सुकता. बाकी साहेब लोक भांडण टाळत. हे बोलावून आणत. एकदा ते दौऱ्यावर असताना मी फाइल द्यायला घरी गेलो आणि वहिनींनाच विचारलं, "साहेब घरी बी असंच भांडण लावतेत काय हो?"

वहिनी ज्वारी निवडत होत्या. हसून म्हणाल्या, "घरी कवाच भांडत न्हाईत. सगळं लग्नाआधीच भांडून घेतलेत. बघायला आले तर माझ्या बापाला सकाळपासून बसवले ते उन्हं कलंस्तोर. पोरगी पुढं शिकंल का, मास्तरकी करंल का, तुमी म्हातारे झालाव तर कुनाकडं ऱ्हाताव, माझ्या आईचं आन् हिचं पटलं न्हाई तर चूल कुटं मांडायची. बाप उठून बाहेर आला आन् आईला म्हनला, पोरगा येडा हाय, पन दे ह्यालाच."

"आन् मग?" मी विचारलं.

"आन् मग काय! मास्तरीन झाले की मी."

जांभ्याचा किस्सा सांगितल्याशिवाय साहेब पुरे व्हायचे नाहीत. बीदरच्या माळावर एका शाळेची इमारत बांधायचं काम आमच्याकडे होतं. बीदरची जमीन जांभ्याची, आणि जांभा हा दगड मोठा लबाड. ताजा खणला तर खोबऱ्यात सुरी जावी तशी पहार जाते. उघडा पडून हवा-ऊन खाल्लं की तोच असा टणक होतो, की ठिणग्या उडाव्यात. आता खोदाईचे दर मऊ जमिनीला वेगळे, कठीण खडकाला वेगळे. पाया खणायचा पहिल्या महिन्यात, मोजमाप व्हायचं पुढे कधीतरी. तोवर खड्ड्याच्या भिंती कडक झालेल्या. ठेकेदार हातोडा मारून दाखवणार, बघा खडक. खात्याचा इंजिनिअर म्हणणार, खणताना मऊ होता. झाला क्लेम, म्हणजे जादा पैशांचा दावा, तयार. दोघेही आपापल्या परीनं खरंच बोलतात, हीच त्यातली गंमत.

आमच्या साहेबांनी खणायच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. हैदराबादहून आलेला ठेकेदार, मी, शाळेचे मुख्याध्यापक, आणि नेमके पाहणीला आलेले वरचे इंजिनिअर. जीपमधून पहार काढली आणि प्रत्येकाच्या हातात दिली. "एकेक घाव घाला. आज कसा हाय ते आज बोला." वरच्या साहेबांनी आढेवेढे घेतले, पण घातला. मुख्याध्यापक म्हणजे खडू उचलताना धाप लागणारा माणूस. त्यांच्या हातूनही पहार वितभर आत गेली, तेव्हा त्यांना स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी आणखी एक घाव न सांगता घातला.

पावसाळ्यानंतर ठेकेदार हातोडा घेऊन आलाच. त्यानं भिंतीवर ठण्‌ठण्‌ वाजवून दाखवलं.  मुख्याध्यापकच वर्गातून धावत आले, "अहो, कसला खडक? मी स्वतः पहार घातली होती!" ज्या जमिनीत त्यांची पहार जाते तिला कठीण खडक कोण म्हणणार? ठेकेदार हसला आणि हातोडा पिशवीत टाकून गेला.

पण याच साहेबांनी दुसऱ्या एका कामावर पायाच्या खड्ड्यात खरोखर काळा पाषाण लागला, तेव्हा ठेकेदारानं मागायच्या आधी तसं लिहून दिलं. त्यावर वरून विचारणा झाली, की तुम्ही सरकारचे आहात का ठेकेदाराचे? साहेबांनी उत्तर धाडलं, की मी खड्ड्याजवळ होतो, खड्ड्यात जे होतं ते लिहिलं.

आता शिवराजअण्णांची गोष्ट.

शिवराजअण्णा भालकीचेच ठेकेदार. गोल चेहरा, कपाळावर विभूती, बोलताना निम्मं कानडी. पहिल्या कामाला ते साहेबांशी इतके भांडले होते, की लिंबाखालून उठून निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन राहिलेलं भांडले. मग त्यांनी साहेबांच्या हाताखाली एकामागून एक कामं केली. एकही वाद वर गेला नाही. दोघांत अशी समजूत झाली, की एकानं भुवई उडवली की दुसऱ्याला कळावं. नाल्यावरच्या एका पुलाचं काम अण्णांना मिळालं, तेव्हा बैठकीच्या दिवशी लिंबाखाली दोघंच बसले होते. साहेब शेंगा फोडत होते. अण्णा म्हणाले, "साहेब, आता आपल्यात भांडायचं काय राहिलंय?" साहेबांनी थोडा विचार केला, हसले आणि म्हणाले, "खरं हाय. चला, चहा पिऊ."

मी तिथेच होतो. मला ते फार गोड वाटलं होतं.

पुलाचा पाया कोरडा राहावा म्हणून नाल्यात वरच्या अंगाला मातीचा आडवा बांध घातला होता आणि पाणी बाजूच्या चरातून वळवलं होतं. चर जायचा तो गावाच्या खालच्या वस्तीच्या कडेनं. तुम्हीआम्ही बघतो त्या कुठल्याही गावात नाल्याकाठची, पहिलं पाणी शिरणारी वस्ती कोणाची असते हे सांगायला नको. ती बौद्ध वस्ती होती. बैठक झाली असती तर वस्तीतलं कोणी ना कोणी लिंबाखाली उभं राहून म्हणालं असतं, पूर आला तर हे पाणी कुठं जाणार? आणि साहेबांनी विचारलं असतं, आन् मग? पण बैठक झाली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी अवचित एक दिवस वर कुठेतरी ढग फुटला. मी बहिणीकडे उदगीरला गेलो होतो. पुढचं मला मजुरांनी आणि अण्णांनी सांगितलं. चर भरून वाहायला लागला आणि पाणी वस्तीतल्या घरांत शिरू लागलं. आतून आरडाओरडा. साहेब छातीएवढ्या पाण्यातून बांधावर आले आणि ओरडले, "अण्णा, बांध फोडा!" बांध फोडला की पाणी आपल्या जुन्या वाटेनं नाल्यात, म्हणजे सरळ पुलाच्या कामावर. अण्णांनी एकदा कामाकडे बघितलं. भरलेला पाया, उभी केलेली लाकडं, सिमेंटची कोठी, नवा मिक्सर, सगळं तिथंच. एकदा साहेबांकडे बघितलं. मग पहार उचलली आणि पहिला घाव स्वतः घातला. वस्ती वाचली. काम गेलं.

साइटवर हुकुमाची एक वही असते. इंजिनिअरनं काही बदल सांगितला की त्याच दिवशी त्यात लिहायचा, असा नियम, आणि तो साहेबांनीच आम्हाला घोकून घेतलेला. पण त्या भिजण्यानं साहेबांना ताप चढला, तो टायफॉइड निघाला. बीदरच्या दवाखान्यात कितीतरी दिवस ते नुसते पडून होते. अण्णा रोज डबा घेऊन जायचे. वहीचं ना यांना सुचलं, ना त्यांना. आपल्यात काय लिहायचं! साहेब उठून कामावर आले तोवर वरच्या ऑफिसातून विचारणा येऊन पडली होती आणि आता मागची तारीख टाकून वहीत लिहायला साहेब तयार नव्हते.

करारात स्पष्ट होतं, पारायणात मी स्वतः कितीदा ऐकलेलं: पुरानं नुकसान झालं तर ते ठेकेदाराचं. खात्यानं तेवढंच कलम धरलं. पुरानं वाहून गेलं, अण्णांचं अण्णा बघतील. अण्णा म्हणत होते, पुरानं नाही, हुकुमानं गेलं. खातं म्हणे, हुकूम दाखवा. मजूर साक्षीला होते, पण ते अण्णांचेच मजूर, त्यांचं कोण ऐकणार? अण्णांचा मिक्सर गेलाच होता, त्यांनी ट्रकही विकला. प्रकरण गुलबर्ग्याला लवादापुढे गेलं. साहेबांच्या सबंध नोकरीतला पहिला क्लेम.

केस चालू असेपर्यंत ठेकेदाराशी बोलायचं नाही, असं साहेबांनी ठरवलं. एका संध्याकाळी अण्णा घरी आले, मी तिथे होतो. दारातूनच म्हणाले, "साहेब, तुमच्यावर येत आसंल तर मागं घेतो मी."

साहेब खुर्चीतून उठले नाहीत. "घरी येऊ नका, अण्णा. आन् मागं घेऊ नका."

अण्णा उंबऱ्यावरूनच मागे फिरले. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तर दारात कोणी नव्हतं.

साक्षीच्या आधी बीदरला वरच्या साहेबांनी बोलावलं. मी नकाशे घेऊन बरोबर होतो. बोलणं अगदी प्रेमाचं. खुर्ची दिली, तब्येत विचारली. मग म्हणाले, "सूर्यवंशी, तुमचं नाव एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरच्या यादीत आहे. तुमच्या समाजातून या जिल्ह्यात तुम्ही पहिले व्हाल, आम्हालाही आनंद आहे. तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही मी. एवढा ताप होता, टायफॉइड होता. 'आठवत नाही' म्हणायचं. संपलं."

आम्ही जीपनं परत निघालो. मला खरं सांगायचं तर त्यांनी 'आठवत नाही' म्हणावं असंच वाटत होतं. वस्तीतली माणसं ऑफिसाच्या दाराशी येऊन त्यांना बघून जायची, ती डोळ्यांसमोर येत होती. पहिला एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर! अण्णा काय, पुन्हा उभे राहिले असते. मी असं काहीबाही स्वतःशी जुळवत होतो.

गुलबर्ग्याला लवाद म्हणून एक निवृत्त चीफ इंजिनिअर बसले होते. म्हणाले, सोयीच्या भाषेत बोला, मला सगळ्या कळतात. साहेब एरवी ऑफिसात फर्डं इंग्रजी बोलायचे. त्या दिवशी मंठाळच्या मराठीत बोलले. अण्णा समोरच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

खात्याच्या वकिलानं विचारलं, "बांध फोडायचा लेखी आदेश होता?"

"न्हाई."

"म्हणजे आदेश नव्हता."

"होता. तोंडी. मीच दिलो."

वकिलानं कागद खाली ठेवला. "तुम्हाला तेव्हा ताप होता. नीट आठवतंय?"

"ताप नंतर आला. त्या वक्ताला चांगलाच होतो मी. फोडा म्हनलो, अण्णा फोडले. लिहायचं ऱ्हायलं, ती चूक माझी. कामाआधी बसून बोलायचं ऱ्हायलं, ती बी माझीच."

वकिलानं मग ठेवणीतला प्रश्न काढला. "ती वस्ती तुमच्याच समाजाची होती, बरोबर?"

 माझे कान तापले. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"व्हय, आमचीच. नाल्याच्या काठाला कुनाची घरं ऱ्हातेत, हे मी ठरविलो न्हाई, साहेब. तिथं तुमची आसती तरी फोडलो आसतो."

लवादांनी मान खाली घालून लिहून घेतलं. पुढे निकाल अण्णांच्या बाजूनं लागला. साहेबांवर चौकशी बसली, पगारवाढ रोखली गेली, यादीतलं नाव गेलं आणि महिन्याभरात दूर दक्षिणेकडे बदली झाली. तेव्हा मी रजेवर गावी होतो. तिकडूनच ते निवृत्त झाले, तिकडेच मुलाजवळ राहिले. पत्रं येत. भेट मात्र झाली नाही. म्हणून मला दिसतात ते त्या दिवशीचे, गुलबर्ग्याहून परततानाचे.

वकील आणि वरचे साहेब खात्याच्या जीपमधून निघून गेले. आम्हाला या म्हणालेही नाहीत. आम्ही स्टँडवर येऊन बीदरची बस धरली. साहेब खिडकीशी बसले, मी त्यांच्या मागच्या बाकावर. बस सुटता सुटता शिवराजअण्णा चढले. साहेबांच्या बाकापाशी येऊन उभे राहिले.

"आता बसू काय जवळ?"

"बसा की. साक्ष झाली."

अण्णा बसले.  दोन वर्षांचं बोलायचं साचलेलं असणार, पण बोलले नाहीत. मला मात्र राहवेना. मी मागून वाकून विचारलं, "साहेब, आठवत न्हाई म्हनला आसता तर काय बिघडलं आसतं?"

त्यांनी मान वळवली नाही. बाहेर बघत म्हणाले, "बिरादार, पानी काय लेखी हुकुमाची वाट बगतंय? पुढच्या पुराला कुनीतरी इंजिनिअर फोडा म्हनंल. ठेकेदार म्हनंल, आधी कागद दावा. तवर पानी घरात."

एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं विचार करत असतील. थोड्या वेळानं बघतो तर डोकं अण्णांच्या खांद्यावर कललेलं, तोंड किंचित उघडं, आणि चक्क घोरणं. ज्या दुपारी त्यांचं सगळं गेलं, त्या दुपारी ते लहान पोरासारखे झोपले होते, आणि माझ्या मात्र डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याएवढं मोठं माणूस मी पाहिलं नव्हतं, दोन्ही एकाच वेळी.

हुमनाबादला कंडक्टर तिकिटं तपासत, ओरडत आला. अण्णांनी खांदा जराही हलू न देता हात वर केला आणि कुजबुजत म्हणाले, "धीरे बोलो जी, साब सोरैं."